ठिपके सरकले की चेहरा बदलतो

ठिपक्यांची रांगोळी आपल्या सगळ्यांच्या हातातली. आज मनातल्या मनात ती रबराच्या चादरीवर काढा. चादरीचं एक टोक ओढलं, की ठिपके सरकतील आणि मधली पाकळी लांबट होईल. संगणकावर फोटोचं असंच करतात. त्याला म्हणतात मॉर्फिंग.

आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कला महाविद्यालयात मुलंमुली उपयोजित कला शिकतात. म्हणजे जाहिराती, पोस्टर, मुखपृष्ठं यांची कला. अशा विद्यार्थ्यांना मॉर्फिंग समजावताना दोन चेहरे घेतले की सोपं जातं. समजा, एक आजीचा आणि एक नातीचा. दोन्ही फोटोंत डोळ्यांचे कोपरे, नाकाचा शेंडा, ओठांची टोकं, हनुवटी इथे ठिपके द्यायचे. आजीच्या डोळ्याचा ठिपका नातीच्या डोळ्याशी जोडायचा. मग संगणक ठिपके थोडेथोडे सरकवतो आणि त्याच वेळी एक फोटो फिका, दुसरा गडद करत नेतो. बघता बघता आजीची नात होते! ठिपके न देता नुसते फोटो एकमेकांवर ठेवले, तर चार डोळ्यांचं भूत दिसतं.

१९९१ साली मायकेल जॅक्सनच्या 'ब्लॅक ऑर व्हाइट' या गाण्यात असेच एकातून एक चेहरे बदलत गेले आणि जग थक्क झालं. तेव्हा हे काम मोजक्या जाणकारांचं होतं. आता मोबाइलमधलं ॲप ठिपके स्वतःच शोधतं. सिनेमाला, जाहिरातीला त्याचा उपयोग आहेच. पण कोणी आपल्या डीपीवरचा चेहरा उचलतो, भलत्याच शरीरावर बसवतो आणि पैसे मागतो. झटपट कर्ज देणारी काही बोगस ॲपही मोबाइलमधले फोटो आणि नंबर घेऊन हीच धमकी देतात. म्हणून कर्जाच्या ॲपनं फोटो आणि नंबर बघायची परवानगी मागितली, तर देऊ नका.

तरीही असं घडलंच तर? पैसे देऊ नका. एकदा दिले की मागणी वाढते. मेसेज पुसू नका. स्क्रीनशॉट काढा, नंबर, तारीख, वेळ लिहून ठेवा. १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा, किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात जा. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६७ प्रमाणे मोबाइल-इंटरनेटवर अश्लील मजकूर पसरवणाऱ्याला पहिल्याच गुन्ह्यात ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. असा फोटो घेऊन एखादी पोर रडत आली, तर "तू फोटो टाकलासच कशाला?" असं विचारू नका. ठिपके तिनं सरकवलेले नाहीत. लाज वाटायचीच, तर ती सरकवणाऱ्याला वाटू दे. येत्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला, की पाच मिनिटं काढून हे सगळ्याजणींना सांगा. पोरींनाही सोबत बसवा.