मातीचा गोळा आणि संग्रहालय

श्रोतेहो, शाळेची सहल संग्रहालयात जाते तेव्हा काय होते, ते आपण सर्वांनी पाहिलेले आहे. साठ मुले दोन-दोनच्या रांगेने आत शिरतात. "हात लावू नका, रेंगाळू नका," असे गुरुजी पुढून सांगत असतात आणि बाई मागून तेच सांगत असतात. वीस मिनिटांत चार दालने संपतात. मग बाहेर झाडाखाली डबे उघडतात. दुसऱ्या दिवशी 'आमची सहल' या विषयावर निबंध होतो. त्यात गाडीचे वर्णन असते, डब्यातल्या दशम्यांचे असते, वाटेत चाक पंक्चर झाल्याचे तर हटकून असते. संग्रहालयाविषयी मात्र एकच वाक्य असते : "तेथे पुष्कळ जुन्या वस्तू होत्या."

आता यात मुलांना बोल लावण्यात अर्थ नाही. काचेच्या पलीकडची वस्तू हातात घेता येत नाही. तिचे नाव घरी कधी कानावर पडलेले नसते. अशा वस्तूवर मुलाची नजर ठरावी तरी कशी? पण हीच वस्तू कोणी तरी हाताने घडवलेली असते. तेव्हा मुलाला तिच्याजवळ न्यायचे असेल, तर त्याच्याही हाताला काम द्यावे, हा सोपा मार्ग आहे. ते कसे करता येईल, हे एका गावाचे उदाहरण घेऊन सांगतो.

धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी तेर नावाचे गाव आहे. वारकरी मंडळींना ते संत गोरोबाकाकांचे गाव म्हणून ठाऊक आहे. परंतु गोरोबाकाकांच्याही आधी हजार-बाराशे वर्षे हे गाव फार मोठी बाजारपेठ होते. तेव्हा त्याचे नाव तगर असे होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या एका व्यापारी प्रवासवर्णनात तगरचा उल्लेख येतो. पैठणहून दहा दिवसांच्या वाटेवर तगर आहे आणि तेथले कापड गाड्यांतून भडोचच्या बंदराला जाते, असे त्यात म्हटले आहे.

याच गावचे रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात आणि शिवारात सापडणाऱ्या जुन्या वस्तू वर्षानुवर्षे गोळा करून जपल्या. मणी, नाणी, खापरे, मातीच्या बाहुल्या, हस्तिदंती काम. इतरांना जो केरकचरा वाटे, त्यात त्यांना आपल्या गावाचा इतिहास दिसला. तेरचे शासकीय संग्रहालय या संग्रहातूनच उभे राहिले आणि त्याला त्यांचेच नाव दिलेले आहे. तेथे हस्तिदंताची एक लहानशी स्त्रीमूर्ती आहे. इटलीत ज्वालामुखीच्या राखेखाली इसवी सन ७९ मध्ये गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात १९३८ साली अशाच धर्तीची हस्तिदंती मूर्ती सापडली. तेरणाकाठचे गाव आणि सातासमुद्रापलीकडचे शहर यांचा संबंध किती जुना आहे, बघा!

पण मुलांसाठी मी हस्तिदंत बाजूला ठेवीन आणि मातीच्या बाहुल्यांपासून आरंभ करीन. कारण माती आपल्या मुलांच्या ओळखीची आहे. पोळ्याला मातीचे बैल कोण करतो? मुलेच करतात. सातवाहन काळातल्या तेरच्या पुष्कळ बाहुल्या दुहेरी साच्यातून काढलेल्या आहेत. पुढची बाजू एका साच्यात आणि मागची बाजू दुसऱ्या साच्यात दाबायची, मग दोन्ही अर्धे ओल्या मातीने सांधायचे. आत पोकळी राहते. त्यामुळे बाहुली हलकी होते आणि भाजताना तडकण्याची भीती कमी होते. हे तोंडाने सांगितले तर मूल "हो" म्हणेल आणि विसरेल. स्वतः करून पाहील, तर जन्मभर विसरणार नाही.

शिक्षक बंधुभगिनींनो, या कामाचे तीन टप्पे करावेत.

पहिला टप्पा शाळेतच. सहलीच्या आठ दिवस आधी प्रत्येक मुलाला घरातली एक जुनी वस्तू शोधायला सांगा. अडकित्ता, चिमणी, पायली, आजीची फणी, काहीही चालेल. वस्तू आणायची नसेल तर चित्र काढून आणू द्या. मात्र तिच्याविषयी तीन गोष्टी घरच्या वडीलधाऱ्यांना विचारूनच लिहायच्या : ही कशाची केली आहे, कोणी केली आणि कोण वापरत असे. एवढ्याने मुलाला कळते की, वस्तूला प्रश्न विचारता येतो.

दुसरा टप्पा संग्रहालयात. तेथील अधिकाऱ्यांना आधी पत्र पाठवून चित्रे काढण्याची परवानगी घ्या. शाई नको, नुसती पेन्सिल आणि कागद. सगळे संग्रहालय पाहण्याचा हट्ट सोडा. मुलांचे पाच-पाचांचे गट करा आणि प्रत्येक गटाला एकच वस्तू द्या. अर्धा तास तिच्यासमोर बसून तिचे चित्र काढायचे. चित्र सुबक आले नाही तरी बिघडत नाही. चित्र काढताना डोळा थांबतो आणि थांबलेल्या डोळ्याला दिसू लागते. बाहुलीच्या कानातले किती मोठे आहे, केस कसे बांधले आहेत, सांध्याची रेघ कोठून गेली आहे, हे वीस मिनिटांच्या धावपळीत कधीच दिसले नसते.

तिसरा टप्पा पुन्हा शाळेत, आणि खरी गंमत येथेच आहे. गावातल्या कुंभारदादांना शाळेत बोलवा. त्यांना मानाने खुर्ची द्या, कारण त्या दिवशीचे गुरुजी ते आहेत. माती कोठली आणावी, खडे कसे वेचावेत, राख किंवा लीद किती मिसळावी, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? मुलांनी आपल्या चित्रावरून आधी साचा करावा. साचा भाजून घ्यावा. मग त्यात बारीक राख भुरभुरावी, म्हणजे माती चिकटत नाही. माती दाबून दोन अर्धे काढावेत आणि सांधावेत. पोकळ बाहुलीला एक बारीक भोक ठेवायला मात्र विसरू नये, नाही तर आतली वाफ कोंडून बाहुली आव्यात फुटते. सावलीत चांगली सुकली की मग आव्यात घालावी.

तेरच्या जुन्या देवळांच्या विटा अशा हलक्या आहेत की त्यांतल्या काही पाण्यावर तरंगतात. मातीत भाताचे तूस मिसळलेले होते. भाजताना ते जळून गेले आणि विटेत बारीक बारीक छिद्रे राहिली. वरच्या वर्गातल्या मुलांनी दोन सारख्या विटा कराव्यात, एक तूस घालून आणि एक न घालता. भाजल्यावर दोन्ही तराजूत घालाव्यात. कोणती पारडी वर जाते ते पाहिले की इतिहास आणि विज्ञान यांचे तास एकाच वेळी होतात.

शेवटी शाळेतच एक लहान प्रदर्शन मांडा. मुलांच्या बाहुल्या, त्यांची चित्रे आणि घरच्या जुन्या वस्तू. प्रत्येक वस्तूजवळची चिठ्ठी मुलानेच लिहावी. गावाला बोलवा. आपला अडकित्ता मेजावर मांडलेला पाहून एखादी आजी आपण होऊन त्याची हकिगत सांगू लागेल. ती लिहून घ्या. ही नोंद कोणत्याही पुस्तकात सापडायची नाही.

"यासाठी वेळ कोठून आणायचा?" असे कोणी विचारील. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवलेले आहेत. सुतार, माळी, कुंभार, कलावंत यांच्याजवळ मुलांनी शिकावे, असा त्यांचा हेतू आहे. तेर लांब पडत असेल, तर जवळचे संग्रहालय पाहा. कोल्हापूरला टाऊन हॉलमधल्या संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या टेकाडात सापडलेली रोमन समुद्रदेवाची काशाची मूर्ती आहे. सातारा जिल्ह्यातल्या औंधला राजा रविवर्म्याची चित्रे आहेत. पुण्याला दिनकर केळकरांनी गावोगाव हिंडून जमवलेले दिवे, दौती आणि अडकित्ते आहेत. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने तर २०१५ मध्ये बसमध्येच फिरते संग्रहालय सुरू केले आणि २०१९ मध्ये मुलांसाठी वेगळे दालन उघडले.

ही सारी खटपट कशासाठी, तेही सांगतो. आपल्या पुष्कळ गावांची पांढरी शेकडो वर्षांची जुनी आहे. ती पांढरी माती कोणी धाब्यावर टाकायला नेतो, कोणी शेतात टाकायला. खोऱ्याबरोबर खापर, मणी, बाहुली निघते आणि ढिगात नाहीशी होते. तांब्यापितळेची जुनी भांडी मोडीत जातात. एकदा गेलेली वस्तू परत येत नाही. कायदा आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा जमिनीत सापडला, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. पण खापराला किंमत आहे, हे ओळखणारा डोळा कायद्याने येत नाही. ज्या मुलाने बाहुलीची सांध्याची रेघ स्वतःच्या बोटांनी जुळवली आहे, ते शेतात तशी रेघ दिसताच थांबेल. मात्र मुलांना बजावून सांगा : स्वतः खणायचे नाही, सापडलेली वस्तू विकायची नाही, जागा लक्षात ठेवून गुरुजींना सांगायचे. पुढे पुरातत्त्व खात्याला कळवणे गुरुजींचे काम.

गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी थापटून कच्चे मडके कोणते ते ओळखले, अशी कथा आपण ऐकत आलो आहोत. आपण शिक्षकांनी मुलांची डोकी थापटू नयेत. त्यांच्या हातात मातीचा गोळा द्यावा आणि थोडा वेळ वाट पाहावी. पुढच्या सहलीनंतरच्या निबंधात चाक पंक्चर झाल्याचे येईलच. त्याबरोबर दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका कुंभाराविषयी चार ओळी आल्या, तर सहलीचे भाडे वसूल झाले असे समजावे.