गाव सुटले तरी शाळा सुटू नये



कोयता म्हणजे ऊस तोडायचे हत्यार, हे सर्वांना माहीत आहे. पण आपल्या बीड जिल्ह्यात ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीलाही एक कोयता म्हणतात. पावसाळ्यात मुकादम उचल देतो. दसरा-दिवाळी झाली की टोळी गाव सोडते. कोणी सांगली-कोल्हापूरकडे जातात, कोणी कर्नाटकात जातात. पट्टा पडला, म्हणजे कारखाना बंद झाला, की उन्हाळ्याच्या तोंडाला माघारी येतात.

तोवर घराला कुलूप असते. तिकडे कोपी हेच घर. कोपीला धड दार नसते, पुष्कळ ठिकाणी लाईटही नसते. काही टोळ्यांना तर एका गावचा ऊस संपला की कोपी मोडून दुसऱ्या गावी न्यावी लागते. घरच हलते, मग शाळा कशी राहील?

माझे आई-दादा दर साल कोयत्याला जातात. दुसरीत असताना मीपण गेले होते. आई पहाटे चारला फडात जायची. मी कोपीत धाकट्या भावाला सांभाळायची आणि पाणी भरायची. माघारी आले तेव्हा वर्गाचे पाढे तेरापर्यंत गेले होते, माझे सातावरच होते.

अशा मुलांची शाळा एकट्या गुरुजींनी टिकत नाही. पुष्कळ जणांनी हात लावला तर टिकते. ते कसे, ते मी विचारून लिहीत आहे.

पहिला हात हंगामी वसतिगृहाचा. ज्या गावातून पुष्कळ कोयते जातात तेथे हंगामापुरते हे चालवतात. पैसा सरकारकडून येतो आणि काम शाळा व्यवस्थापन समिती बघते. त्या समितीत पालकच जास्त असतात. नाव वसतिगृह असले तरी पुष्कळ गावांत मुले रात्री आजी-आजोबांकडे निजतात. दुपारी शाळेचा पोषण आहार असतोच, सकाळ-संध्याकाळचे जेवण वसतिगृहाचे. मी आता आजीजवळ राहते. आजीला दोन वेळचा स्वयंपाक होत नाही. म्हणून या जेवणावरच माझी शाळा चालली आहे.

दुसरा हात दोन शाळांनी मिळून द्यायचा. जे मूल आईबापाबरोबर जाणारच, त्याला आपल्या शाळेतून शिक्षण हमी कार्ड मिळते. त्यावर मुलाची माहिती असते. ते कार्ड तिकडच्या शाळेत दाखवायचे आणि वर्गात बसायचे.

तिसरा हात कायद्याचा. शिक्षण हक्काचा कायदा 2009 साली झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. तो 6 ते 14 वर्षांच्या सर्व मुलांसाठी आहे. दाखला आणला नाही, जन्माचा कागद नाही, असे म्हणून शाळेला मुलाला परत पाठवता येत नाही. वर्षाच्या मध्ये आले तरी घ्यावे लागते. आणि मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात बसवावे लागते. वीटभट्टीवर जाणाऱ्या मुलांनाही हाच कायदा आहे.

चौथा हात साखर कारखान्यांचा. पूर्वी काही कारखान्यांवर जागा कारखान्याने दिली, शिकवायला संस्था आल्या आणि साखरशाळा चालल्या. पुढे 2021 साली सरकारने संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहांची योजना काढली. 41 तालुक्यांत मुलांचे एक आणि मुलींचे एक, अशी 82 वसतिगृहे ठरली. ऊसतोड कामगारांच्या महामंडळासाठी उसाच्या टनामागे 10 रुपये कारखान्याने आणि 10 रुपये सरकारने द्यायचे, असेही ठरले.

यातला एक जरी हात सुटला तरी मूल घरी राहते. कार्ड आहे, पण शाळा कोपीपासून लांब आहे, मग लहान मूल रस्त्याने एकटे कसे जाणार? शाळा जवळ आहे, पण बाळ सांभाळायला कोणी नाही, मग मोठी बहीण कोपीतच राहते. म्हणून जाण्यायेण्याची आणि बाळ सांभाळायची सोयसुद्धा पाहिजे. हे मुकादम आणि कारखाना यांनी मनावर घेतले तर होईल.

पालकांनो, गाडी भरायच्या आधी शाळेत या. मूल मागे ठेवायचे असेल तर त्याचे नाव वसतिगृहासाठी गुरुजींना सांगा. न्यायचे असेल तर कार्ड मागून घ्या. भांड्यांच्या पोत्याबरोबर दप्तरही गाडीत टाका. तिकडे पोचल्यावर जवळची शाळा कोठे आहे ते विचारा. नावे फुकट घालतात.

आणि मित्रांनो, आपल्या वर्गातील 11 जण दसऱ्यानंतर जाणार आहेत. ती माघारी आली की कोणी हसायचे नाही. आपल्या वह्या त्यांना द्यायच्या. रोज मधल्या सुट्टीत एक पाढा मी म्हणून घेईन.

– इयत्ता चौथीतील एक विद्यार्थिनी