रात्रीचा समाज आणि परदेशी गेलेला विद्यार्थी

'रात्रजीवन' हा शब्द उच्चारताच आपल्याकडे मद्यालये व नाचघरे डोळ्यांपुढे येतात. समाजशास्त्राच्या दृष्टीने हा अर्थ फारच तोकडा आहे. दिवसाचे काम आटोपल्यावर माणसे कोठे, कोणाबरोबर आणि कोणाच्या अनुज्ञेने एकत्र येतात, हा येथील मूळ प्रश्न होय.

हिंगोली जिल्ह्यातील साखऱ्यासारख्या गावाचे उदाहरण घ्यावे. संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नर्सी याच जिल्ह्यात असल्याने कीर्तनाची परंपरा या प्रदेशाच्या अंगवळणी पडलेली आहे. सप्ताहात पहाटे काकडा, रात्री कीर्तन, त्यानंतर जागर. एरवी गोंधळ, भजन, ज्वारीची जागल, किंवा वीज रात्रीची असेल तेव्हा पिकाला पाणी देण्यासाठी शिवारात जाणे. या रात्रीला निमंत्रण लागत नाही. मंडपात जाऊन बसले की माणूस सभेचा झाला. ती सर्वांना सारखीच मोकळी असते, असे मात्र म्हणता येणार नाही. सप्ताह सरला की स्त्रियांची रात्र पुन्हा उंबरठ्याच्या आत जाते. परदेशी गेलेल्या विद्यार्थिनीचा अनुभव विद्यार्थ्याहून वेगळा असतो, त्याचे एक कारण येथेच सापडते.

पाश्चात्त्य विद्यापीठांतील रात्र पूर्वापार स्वैर होती, हीही एक भ्रांतीच. रँग्लर परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजच्या गणित-परीक्षेत सर्वप्रथम आले. त्या काळी तेथे अंधार पडल्यावर बाहेर निघताना विद्यार्थ्यास झगा घालावा लागे, रात्री कॉलेजचे दरवाजे बंद होत आणि नियम मोडणारास दंड होई. १९६९ च्या कायद्याने इंग्लंडात सज्ञानतेचे वय २१ वरून १८ वर आले, तेव्हा कॉलेजांच्या या पालकत्वाचा आधारच गेला. उलट १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात दाखल झालेल्या डॉ. आंबेडकरांपुढे न्यूयॉर्कसारखे महानगर होते. आरंभीचे काही दिवस त्या नव्या मोकळेपणात गेल्यावर त्यांनी स्वतःच स्वतःला आवरले व ग्रंथालयाची वाट धरली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. बंधन बाहेरचे नसले म्हणजे ते आतून आणावे लागते, आणि बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत तर ठरलेली होती.

आजच्या विद्यार्थ्याची अडचण बहुधा प्रलोभनाची नसून अर्थबोधाची असते. ब्रिटनमध्ये चर्चासत्र संपले की मंडळी जवळच्या 'पब'मध्ये जातात. कोण कोणता प्रकल्प हाती घेणार, कोणत्या विषयात वाव आहे, अशा गोष्टी तेथे सहज बोलल्या जातात. मद्य न घेणारा विद्यार्थी संकोचाने खोलीवर परततो. त्याचा नकार पेयाला असतो, पण तो संगतीला आहे असे सोबत्यांना वाटते. वस्तुतः लिंबाचे सरबत घेऊन बसणाऱ्यास तेथे सहसा कोणी हटकत नाही. खरी अडचण आहे ती 'फेरी'ची: एकाने सर्वांसाठी पेये आणावयाची, मग दुसऱ्याने. शिष्यवृत्तीवर राहणाऱ्यास हा खर्च जड जातो. तथापि, लग्नकार्यातील आहेर व परतीचा आहेर जाणणाऱ्या मराठी माणसाला हे तत्त्व नवे नाही. फरक इतकाच की येथील परतफेड पिढ्यांवर न जाता त्याच रात्री होते. 'मी माझ्यापुरतेच घेईन' असे प्रारंभीच सांगितल्यास त्यात वावगे मानीत नाहीत; दुसऱ्याची फेरी स्वीकारून आपली टाळणे मात्र ध्यानात राहते.

निसर्गाचाही येथे हात आहे. साखऱ्याचा सर्वांत लहान दिवस सुमारे अकरा तासांचा, तर एडिंबरोचा अवघा सात तासांचा. दुपारी पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळला की गावच्या सवयीने शरीर दिवस संपला असे धरते, वास्तविक लोकांच्या भेटीगाठी अजून व्हावयाच्याच असतात. त्यातच घड्याळ साडेपाच तास मागे. रात्री साडेदहाला तो खोलीवर येतो, तेव्हा गावी पहाटेचे चार वाजलेले असतात. सप्ताह चालू असेल तर काकड्यासाठी माणसे उठलेली असतात, आणि त्या वेळी घरचा दूरध्वनी लागतो.