वाशिमचे वार्तापत्र : तांडा आणि नवजाताचे 42 दिवस

वाशिम : 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वेगळा काढलेला, सहा तालुक्यांचा आणि 2011 च्या जनगणनेनुसार सुमारे 12 लाख लोकवस्तीचा हा जिल्हा 2018 पासून केंद्राच्या ‘आकांक्षित’ जिल्ह्यांत मोडतो, मागासलेपणाला दिलेले हे सौम्य सरकारी नाव. 2020 च्या नमुना नोंदणीत राज्याचा अर्भक मृत्युदर, म्हणजे दर हजार जिवंत जन्मांमागे वर्षाच्या आत दगावणाऱ्या बालकांची संख्या, देशाच्या 28 च्या तुलनेत 16 होता, आणि परदेशस्थ मराठी वाचकाला तो समाधानकारक वाटावा. परंतु या सरासरीत गावठाण आणि तांडा, म्हणजे गावापासून दूर वसलेली बंजारा वस्ती, एकत्रच मोजले जातात.

नवजाताची घरी जाऊन काळजी घेण्याची पद्धत विदर्भातच, गडचिरोलीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने सिद्ध केली, आणि 2011 मध्ये तिचा राष्ट्रीय कार्यक्रम झाला. त्यानुसार दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला आशा, म्हणजे गावातलीच आरोग्य स्वयंसेविका, 42 दिवसांत सहा वेळा, तर घरी जन्मलेल्याला सात वेळा भेटते, वजन करते, अंग गार पडले आहे का, बाळ दूध ओढते का, हे पाहते. आशा साधारण हजार लोकांमागे एक असते. आदिवासी वा डोंगराळ भागात मात्र ती वस्तीमागे एक नेमता येते. आता पोहरादेवीचे तीर्थ ज्याची काशी, तो बंजारा समाज तेलंगणात अनुसूचित जमात, कर्नाटकात अनुसूचित जात आणि महाराष्ट्रात विमुक्त जात गणला जातो, त्यामुळे मानोरा तालुक्यातला तांडा केवळ बंजारांचा म्हणून त्या सवलतीस पात्र ठरत नाही. या याद्या आरक्षणासाठी झाल्या, बाळांच्या वजनासाठी नव्हे, हे खरे; तरी दोनशे माणसांचा तांडा पलीकडच्या गावच्या आशेच्या हजारांत जमा होतो आणि पावसाळ्यात मधला ओढा तिलाच ओलांडावा लागतो.

2024 मध्ये वाशिमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले, पण दसरा-दिवाळीनंतर उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतलेली जोडपी ऊसतोडीला निघतात तेव्हा तान्हे बाळही फडावर जाते. ठरलेल्या भेटी पुऱ्या झाल्या तरच आशेला 250 रुपयांचा मोबदला मिळतो, आणि अर्ध्यावर गेलेल्या बाळाच्या उरलेल्या भेटी कोणाच्याच वहीत येत नाहीत. आईच्या पिशवीतले माता-बाल संरक्षण कार्ड तेवढे सोबत जाते. फडाजवळच्या गावातही आशा असते, मात्र पाचटाची ती खोपी तिच्या हजारांत धरलेली नसते.