जुन्या मोटारीचें कुलूप

बाहेर जाण्याची वेळ झालेली असते. घरचीं माणसें मोटारींत बसलेलीं असतात. चालविणारा किल्ली लावून फिरवितो आणि गाडीच्या पोटांतून केवळ "टक्" असा आवाज येतो. पुन्हा फिरवितो, पुन्हा तेंच. तिसऱ्या वेळीं एंजिन एकदम जागें होतें व सर्वांचा जीव भांड्यांत पडतो. परंतु त्या दिवसापासून घरांत एक संशय शिरतो: कुलूप बिघडलें. कोणी तरी सल्ला देतो कीं, तें उपटून टाका, दोन तारा जोडा आणि एक साधें बटण बसवा. जुनी मोटार ज्यांनीं हौसेनें सांभाळिली आहे त्यांना हा सल्ला फार महाग पडतो. कारण पुष्कळदां कुलूप निर्दोष असतें आणि दोष राहतो भलतीकडेच.

हा घोटाळा नीट समजण्यास जर्मनीची फोक्सवॅगन बीटल ही गाडी उत्तम उदाहरण आहे. वोल्फ्सबुर्ग येथील कारखान्यांत १९७४ पर्यंत व मेक्सिकोंतील प्वेब्ला येथें ३० जुलै २००३ पर्यंत ती तयार होत होती. एकंदर २,१५,२९,४६४ गाड्या निघाल्या, आणि त्यांतील कित्येक अद्यापि हौशी लोकांनीं चालत्या ठेविल्या आहेत. तिची रचना जगावेगळी. एंजिन मागें, स्टार्टर मागें, बॅटरीहि मागील बैठकीखालीं. किल्लीची जागा मात्र पुढें, चालकाच्या हाताशीं. ही गोष्ट ध्यानांत ठेविली म्हणजे पुढील पुष्कळसें कोडें आपोआप सुटतें.

ज्याला सर्वजण एका शब्दांत "कुलूप" म्हणतात त्यांत वस्तुतः दोन निरनिराळीं साधनें असतात. पुढचें खरेंखुरें कुलूप. त्याच्या नळकांड्यांत पितळेच्या पातळ पत्र्या स्प्रिंगांवर बसविलेल्या असतात. योग्य किल्लीचे दांते त्या सर्वांना नेमक्या एका पातळींत आणतात, तेव्हांच नळकांडें फिरतें. त्याच्या पाठीशीं दुसरें साधन, म्हणजे विजेचा स्विच. नळकांड्याची जीभ त्याच्या खांचेंत बसते आणि फिरतांना आंतील तांब्याचे संपर्क जोडते. जर्मन पद्धतींत या टोकांना ठराविक क्रमांक आहेत. ३० या टोकाशीं बॅटरीची वीज सदैव हजर असते. १५ वरून ती ठिणगी पाडणाऱ्या कॉइलकडे जाते. ५० वरून स्टार्टरला हुकूम सुटतो.

पुढें या जोडींत तिसरा भागीदार आला. पश्चिम जर्मनींत १९६१ सालीं नव्या मोटारींना चोरीपासून रक्षण करणारें साधन सक्तीचें झालें. नंतरच्या बीटलांत कुलूप स्टीअरिंगच्या दांड्यावरच असतें, आणि किल्ली काढल्यावर एक पोलादी खीळ त्या दांड्याच्या खांचेंत शिरते. म्हणून अशा गाडीचें कुलूप ही केवळ सोयीची वस्तु नसून जिवाच्या सुरक्षिततेचीहि वस्तु आहे.

दुरुस्तीचा पहिला नियम असा कीं, हत्यार हातीं घेण्यापूर्वीं लक्षण ओळखावें. किल्ली मुळींच फिरत नसेल, तर प्रथम स्टीअरिंगचें चक्र डावीउजवीकडे किंचित् हलवून पाहावें. पुढचीं चाकें वळलेलीं असतांना खिळीवर ताण येतो व ती अडकून बसते. ताण सुटतांच किल्ली लोण्यासारखी फिरते. तरीहि अडत असेल, तर संशय किल्लीवर घ्यावा. वर्षानुवर्षें वापरून तिचे दांते झिजतात. झिजलेल्या किल्लीवरून दुसरी कापली म्हणजे ती झीजहि जशीच्या तशी उतरते. यासाठीं मूळ किल्लीवर अथवा कुलपाच्या अंगावर कोरलेला क्रमांक शोधून त्यावरून नवी किल्ली कापून घेणें हाच खरा मार्ग. कुलपांत दाट तेल ओतूं नये. त्यांत धूळ चिकटून चिखल होतो. ग्रॅफाइटची चिमूटभर पूड पुरेशी असते.

किल्ली नीट फिरते, परंतु समोरचे जनित्राचा व तेलाच्या दाबाचा हे दोन्ही दिवे मिणमिणतात, किंवा चालत्या गाडींत किल्लीला धक्का लागतांच एंजिन बंद पडतें, अशा वेळीं दोष बहुधा मागील स्विचचा असतो. किल्लीच्या कडींत घरच्या साऱ्या किल्ल्यांचा जुडगा लोंबकळत ठेवण्याची संवयहि या झिजेला हातभार लावते.

आतां राहिला तो प्रसिद्ध "टक्". दिवे लखलखीत, किल्ली सुरळीत, पण स्टार्टर फिरत नाहीं. येथें बीटलच्या रचनेकडे पुन्हा पाहिलें पाहिजे. मागील बॅटरीची वीज तारेनें थेट पुढें स्विचपर्यंत येते आणि ५० वरून दुसऱ्या तारेनें पुन्हा तितकीच मागें स्टार्टरकडे जाते. तारा जुन्या, सांधे काळवंडलेले, संपर्क झिजलेले. प्रत्येक ठिकाणीं थोडा थोडा दाब खर्च होतो. एंजिन तापलेलें असतां अडचण आणखी वाढते. शेवटीं स्टार्टरपाशीं पोंचते ती वीज त्याचा लोहचुंबक पुरता ओढण्यास अपुरी पडते.

याची परीक्षा व्होल्टमीटरनें होते. गिअर न्यूट्रलमध्यें ठेवून व हातब्रेक ओढून एकानें किल्ली स्टार्टरच्या स्थानीं धरावी आणि दुसऱ्यानें मोजावें. बॅटरीचाच दाब फार खालीं जात असेल, तर दोष बॅटरीचा. ती ठीक असून स्टार्टरच्या ५० या टोकाशीं दाब पुष्कळ कमी भरला, तर दोष वाटेंतला. मग स्विचच्या ३० व ५० या टोकांमध्यें मीटर लावावा. तेथें जवळजवळ शून्य दिसलें, तर स्विच निर्दोष. एखादा व्होल्ट दिसला, तर तोच गुन्हेगार. स्विच चांगला व वाट लांब असेल, तर स्टार्टरजवळ एक लहानसा रिले बसवितात. स्विच त्याला केवळ निरोप देतो आणि जड प्रवाह बॅटरीपासून आंखूड व जाड तारेनें जातो. कुलपाला हात न लावतां आजार बरा होतो.

स्विच बदलणें अटळच असेल, तर आधीं बॅटरीची ऋण तार सोडावी. ३० या टोकाची तार फ्यूजवांचून थेट बॅटरीला जोडलेली असल्यामुळें तिचा धातूला स्पर्श झाल्यास क्षणांत आग लागूं शकते. मग स्टीअरिंगचें चक्र व त्यामागील दिशादर्शक दिव्यांचा खटका काढून कुलपापर्यंत पोंचतां येतें. स्विच बारीक स्क्रूनें धरलेला असतो. नळकांडेंहि काढावयाचें असल्यास बाजूच्या बारीक छिद्रांतून तार घालून आंतील पकड दाबावी लागते. कांहीं वर्षांच्या गाड्यांत तें छिद्र मोजून पाडावें लागतें. काम संपल्यावर चक्र दोन्ही बाजूंस पूर्ण फिरवून, किल्ली चालू स्थानीं असतां खीळ निखालस मागें सरकते अशी खात्री करावी. बॅटरीवरचें झांकणहि विसरूं नये. तें नसल्यास बैठकीच्या स्प्रिंगा टोकांना भिडून पेट घेण्याचा धोका असतो.

शेजाऱ्याच्या त्या बटणाचा दोष आतां स्पष्ट होतो. उघड्या तारांनीं गाडी चालूं लागेल, परंतु चोराला मोकळीक मिळेल आणि कुलूप अर्धवट उपटलें गेल्यास ती पोलादी खीळ भर वळणावर खांचेंत शिरण्याची भीति राहील. शिवाय वीज चालू राहून एंजिन बंद असल्याचें ध्यानांत न आल्यास कॉइल तापून जळते, तें निराळेंच. कारखान्यांतून दारांना व स्विचला मिळून एकच किल्ली मिळालेली असते. ती जोडी एकदां फुटली म्हणजे जुळणें कठीण. पाव तास शांतपणें लक्षण ओळखण्यांत घालविला, तर पुष्कळदां पन्नास वर्षांचें तें कुलूप आपल्या जागींच राहतें, आणि घरचीं माणसें वेळेवर बाहेर पडतात.