घरच्या शिवणकामाची कमाई: अमिरातीतील गैरसमज आणि वस्तुस्थिती

संयुक्त अरब अमिरातीत घरी शिवणकाम, भरतकाम किंवा हस्तकला करून मिळकत करता येते. मात्र तिथले नियम, खर्च आणि बाजार भारतातल्या घरगुती शिवणकामाहून वेगळे आहेत. अबू धाबी, दुबई आणि शारजा इथल्या मराठी कुटुंबांत या कामाला सणावारांनुसार मागणी असते. संक्रांतीला हलव्याचे दागिने आणि बाळांची काळी झबली, गणपतीत मखराचे पडदे, नवरात्रात मुलींची शिवलेली नऊवारी, दिवाळीत तोरणे आणि आकाशकंदील, शिवाय वर्षभर ब्लाउज आणि फॉल-पिको. काम ओळखीतून मिळते आणि नियमांची माहितीही बहुधा ओळखीतूनच कळते. पुढील गैरसमज त्यातूनच पसरले आहेत.

गैरसमज: घरातून थोडेफार विकायला परवाना लागत नाही.

परवान्याचा संबंध विक्री किती होते याच्याशी नसून विक्री होते की नाही याच्याशी आहे. दुबईच्या २०११च्या १३ क्रमांकाच्या कायद्यानुसार कोणताही आर्थिक व्यवसाय करण्यासाठी परवाना आवश्यक आहे. इतर अमिरातींतही तत्त्व हेच आहे. मैत्रिणीला भेट म्हणून गोधडी शिवून देणे हा छंद झाला. त्याच गोधडीचे छायाचित्र व्हॉट्सअॅपच्या गटावर किंवा इन्स्टाग्रामवर किमतीसह टाकून मागणी घेणे हा व्यवसाय झाला. समाजमाध्यमावरील विक्रीही यातून सुटत नाही. आधुनिक तांत्रिक साधनांद्वारे होणाऱ्या व्यापारासाठी २०२३मध्ये स्वतंत्र संघीय कायदाही झाला आहे.

भाड्याच्या घराचाही विचार करावा लागतो. घर ज्या कारणासाठी भाड्याने घेतले त्याहून वेगळ्या कामासाठी वापरणे हे दुबईच्या भाडेकायद्यात घर रिकामे करून घेण्याचे एक कारण मानले जाते. दारावर पाटी, दिवसभर ग्राहकांची ये-जा आणि रात्री उशिरापर्यंत चालणारे ओव्हरलॉक यंत्र यांतून तक्रारी निघू शकतात.

गैरसमज: ऑनलाइन परवाना घेतला की काहीही विकता येते.

दुबईने २०१७मध्ये ‘ई-ट्रेडर’ परवाना सुरू केला. त्याचे शुल्क वर्षाला सुमारे १,०७० दिरहम इतके नोंदलेले आहे. या परवान्यावर दुकान उघडता येत नाही आणि कर्मचाऱ्यांसाठी व्हिसाही काढता येत नाही. मुख्य मर्यादा राष्ट्रीयत्वाची आहे. अमिरातीच्या आणि आखाती सहकार्य परिषदेतील देशांच्या नागरिकांना यावर वस्तूंचा व्यापार आणि सेवा दोन्ही करता येतात. इतर देशांच्या रहिवाशांना, म्हणजे भारतीयांनाही, केवळ सेवा देता येते.

म्हणून अर्ज करण्यापूर्वी आपले काम वस्तुविक्रीत मोडते की सेवेत, हे पाहणे गरजेचे आहे. तयार तोरणे विकत आणून विकणे हा उघड व्यापार आहे. ग्राहकाने दिलेल्या कापडाचा ब्लाउज शिवणे किंवा तिच्या जुन्या साड्यांची गोधडी करून देणे हे सेवेच्या जवळ जाते. अंतिम निर्णय परवान्यावर कोणता व्यवसायप्रकार नोंदला आहे यावरून होतो. त्यामुळे अर्थखात्याच्या यादीत आपले काम कोणत्या नावाने आहे, हे पैसे भरण्याआधी विचारून घेणे शहाणपणाचे.

सातही अमिरातींची परवानाखाती वेगळी आहेत. घरगुती उद्योगासाठी अबू धाबीत ‘मुब्दिआ’, दुबईत ‘इन्तिलाक’ आणि शारजात ‘इतिमाद’ अशा योजना आहेत, पण त्या मूलतः अमिराती नागरिकांसाठी आखलेल्या आहेत. परदेशी रहिवाशांसमोर फ्रीलान्स परवान्याचा पर्याय असतो. दुबईतील ‘गो-फ्रीलान्स’ योजनेत माध्यम, शिक्षण, तंत्रज्ञान आणि डिझाइन ही क्षेत्रे येतात. परवान्याचे शुल्क ७,५०० दिरहम नोंदलेले आहे. फॅशन डिझाइनचे नियमित काम असेल तर ते परवडू शकते. महिन्याला चार ब्लाउज शिवणाऱ्या व्यक्तीला परवडणार नाही.

गैरसमज: पतीच्या व्हिसावर असलेल्या स्त्रीला कमाई करताच येत नाही, किंवा रहिवासी व्हिसा असला की वेगळी परवानगी नको.

दोन्ही समज चुकीचे आहेत. रहिवासी व्हिसा देशात राहण्याचा अधिकार देतो. कामाची परवानगी त्यात आपोआप येत नाही. पतीच्या प्रायोजकत्वावरच राहून स्त्रीला नोकरीसाठी कामाचा परवाना किंवा स्वतंत्र कामासाठी फ्रीलान्स परवाना घेता येतो. त्यासाठी बहुधा प्रायोजकाचे ना-हरकत पत्र मागितले जाते. जी व्यक्ती आधीच एखाद्या कंपनीत नोकरीला आहे, तिला मालकाच्या संमतीची गरज पडू शकते. भेटीच्या व्हिसावर आलेल्या आईने किंवा सासूने पैसे घेऊन शिवून देणे मात्र नियमात बसत नाही.

गैरसमज: अमिरातीत कर नाही, किंवा प्रत्येक विक्रेत्याने पाच टक्के कर लावलाच पाहिजे.

मूल्यवर्धित कर १ जानेवारी २०१८पासून ५ टक्के दराने लागू आहे. बारा महिन्यांतील करपात्र विक्री ३,७५,००० दिरहमांच्या वर गेली की नोंदणी सक्तीची होते. १,८७,५०० दिरहमांपासून ती ऐच्छिक आहे. नोंदणी नसलेल्या विक्रेत्याला ग्राहकाकडून हा कर घेता येत नाही. कापड आणि लेस घेताना भरलेला करही परत मिळत नाही. तो खर्चातच धरावा लागतो.

कंपनी कर जून २०२३पासून सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांना लागू झाला. व्यक्तीच्या नावावरील व्यवसायाची कॅलेंडर वर्षातील उलाढाल १० लाख दिरहमांपेक्षा जास्त असेल तरच तो व्यवसाय या कराच्या कक्षेत येतो, आणि तेव्हाही ३,७५,००० दिरहमांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर शून्य टक्के, त्यापुढे ९ टक्के दर आहे. दोन्ही करांत ३,७५,००० हाच आकडा येत असल्याने गल्लत होते. पहिल्या ठिकाणी तो विक्रीचा आहे, दुसऱ्या ठिकाणी करपात्र उत्पन्नाचा. बहुतेक घरगुती कारागीर या दोन्ही मर्यादांपासून खूप दूर असतात, तरी हिशेबाची वही आणि बिले ठेवल्याशिवाय ते दाखवता येत नाही.

गैरसमज: दुकानभाडे नाही, म्हणून घरचे काम स्वस्तात देता येते.

हिशेबात कापड धरले जाते आणि वेळ विसरला जातो. समजा, खणाच्या परकर-पोलक्यासाठी कापड, अस्तर, लेस आणि दोरा मिळून ६० दिरहम लागले, पोहोचवायला २० लागले आणि विक्री १२० दिरहमांना झाली. हाती ४० दिरहम उरतात. शिवायला पाच तास आणि माप घेणे, साहित्य आणणे, निरोपानिरोपी, दुरुस्ती यांत दीड तास गेला, तर तासाला सहा दिरहमांच्या आसपास पडले. १,०७० दिरहमांचे परवाना शुल्क भरून निघायला अशी सत्तावीस परकर-पोलकी लागतील. वीज, यंत्राची देखभाल आणि बिघडलेले कापड यांची भर वेगळीच.

साध्या शिलाईत घरच्या कारागिराची स्पर्धा बर दुबईतील मीना बाजार, करामा आणि सतवा इथल्या टेलरांशी असते. कटिंग, शिलाई आणि काजं-बटणे वेगवेगळ्या माणसांकडे देऊन दुकान जो वेग गाठते, तो एकट्या व्यक्तीला गाठता येत नाही. साध्या कुर्त्यावर किंमत पाडून ही स्पर्धा जिंकता येत नाही. दुकान सहसा हाती घेत नाही अशा कामांत दर टिकतो: लहान मुलीची मापात बसणारी नऊवारी, रुखवतातील वस्तू, बाळंतविडा, आठवणीच्या साड्यांची गोधडी. यांपैकी बरीच कामे हंगामी असतात. जानेवारीनंतर हलव्याच्या दागिन्यांना गिऱ्हाईक नसते, म्हणून वर्षाचा अंदाज एका सणाच्या विक्रीवरून बांधू नये.

गैरसमज: हाताने केलेली वस्तू आपोआप विकली जाते.

अमिरातीच्या स्वतःच्या हस्तकलांचा अनुभव वेगळे सांगतो. ‘सदू’ विणकामाचा समावेश युनेस्कोने २०११मध्ये तातडीने जतन करण्याच्या वारशाच्या यादीत केला. ‘तल्ली’ या जरीच्या गोफकामाला २०२२मध्ये युनेस्कोची मान्यता मिळाली. इतकी प्रतिष्ठा असलेल्या कलांनाही बाजारासाठी संस्थात्मक आधार लागतो. शारजात २०१५मध्ये स्थापन झालेली ‘इर्थी’ ही समकालीन हस्तकला परिषद आपल्या ‘बिदवा’ उपक्रमातून दिब्बा अल हिस्न इथल्या स्त्री कारागिरांना प्रशिक्षण आणि काम देते, आणि डिझायनरांशी जोडून त्यांच्या कामाला ग्राहक मिळवून देते. एकट्या कारागिराला छायाचित्रे, दरपत्रक, वेळेवर पोच आणि तक्रारींना उत्तरे हे सारे स्वतः करावे लागते.

स्वतःच्या वस्तूंची जाहिरात स्वतःच्या खात्यावर करण्याला २०२५मध्ये जाहीर झालेल्या ‘जाहिरातदार परवान्या’तून सूट आहे. मोबदला घेऊन दुसऱ्याच्या मालाची जाहिरात केली तर तो परवाना लागतो.

गैरसमज: सुट्टीहून परतताना बॅगेत माल आणला की कर लागत नाही.

प्रवाशाला ३,००० दिरहमांपर्यंतच्या भेटवस्तूंवर सीमाशुल्काची सवलत आहे. ती वैयक्तिक वापराच्या वस्तूंसाठी असते. एकाच नमुन्याचे तीस खण विक्रीचा माल ठरू शकतात. कुरियरने मागवलेल्या मालासाठी करमाफीची मर्यादा २०२३पासून ३०० दिरहम आहे. त्यापुढे साधारणतः ५ टक्के सीमाशुल्क लागते.

गैरसमज: काम वाढले की शेजारणीला किंवा घरच्या मदतनीसेला शिवायला बसवावे.

परवानगीशिवाय कोणालाही कामावर ठेवणे हा गंभीर गुन्हा आहे. २०२४च्या दुरुस्तीनंतर त्याचा दंड १ लाख ते १० लाख दिरहम आहे. घरकामासाठी आणलेल्या व्यक्तीचा करारही घरकामापुरताच असतो. वाढलेले काम परवानाधारक टेलरकडे शिलाईला देणे हा सरळ मार्ग आहे.

गैरसमज: मदतनिधीसाठी विक्री असेल तर परवानगी नको.

देणग्या गोळा करण्याबाबतच्या २०२१च्या संघीय कायद्याने हा अधिकार मान्यताप्राप्त संस्थांपुरता ठेवला आहे. ‘या तोरणांचे पैसे अमुक रुग्णाला जातील’ असे जाहीर करून विक्री करणे व्यक्तीला अडचणीत आणू शकते. मंडळाच्या किंवा मेळ्याच्या स्टॉलवर बसण्यापूर्वीही आयोजकांच्या परवानगीत विक्रेत्यांचा समावेश आहे का, हे विचारून घ्यावे.

गैरसमज: कार्टूनचे चित्र स्वतः भरले की ते आपलेच.

उशीवर हाताने भरलेले प्रसिद्ध पात्र किंवा पिशवीवर शिवलेले नामांकित ब्रँडचे चिन्ह मूळ मालकाच्या हक्कातच राहते. व्यापारचिन्हे आणि लेखाधिकार या दोन्हींबाबत २०२१मध्ये नवे संघीय कायदे झाले. पैठणीवरचा मोर, कमळ, आंब्याची कोयरी अशा पारंपरिक आकृत्या मुक्तपणे वापरता येतात.

गैरसमज: अनामत भरली की घरबसल्या शिलाईचे काम मिळते.

साहित्याची अनामत किंवा नोंदणीची फी मागून नंतर ‘काम निकृष्ट आहे’ म्हणत पैसे बुडवणे हा फसवणुकीचा जुना प्रकार आहे. अमिरातीच्या श्रमकायद्यात भरतीचा खर्च कामगाराकडून घेण्यास मनाई आहे. काम देणारा आधी पैसे मागत असेल तर व्यवहार तिथेच थांबवावा. पैसे गेले असतील तर दुबईत पोलिसांच्या ई-क्राइम सेवेवर तक्रार नोंदवता येते.