एफएमजीई : आधी काय वाचायचं?

रशिया, जॉर्जिया, किर्गिझस्तान अशा देशांतून डॉक्टरकीची पदवी घेऊन आपल्या वस्त्यांतली मुलंमुली परत येत आहेत. कुणी कर्ज काढलंय, कुणी दागिने गहाण ठेवलेत. पण एफएमजीई पास झाल्याशिवाय इथे नोंदणी नाही, आणि नोंदणीशिवाय रुग्ण तपासणं गुन्हा आहे. पुष्कळ मुलं इथेच अडकतात. हुशारी कमी म्हणून नव्हे, सुरुवात चुकीच्या टोकाकडून होते म्हणून.

परीक्षा वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबर अशा दोन सत्रांत होते. ३०० प्रश्न, ३०० गुण, पास व्हायला १५०. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका. इथे पहिला नंबर काढायचा नाही, निम्मे प्रश्न बरोबर आणायचे आहेत.

आता गुण कुठे आहेत ते बघा. मेडिसीन ३३, सर्जरी ३२, स्त्रीरोग-प्रसूती ३०, पीएसएम म्हणजे सामाजिक वैद्यक ३०. चार विषयांत १२५ गुण झाले. बालरोग, डोळे आणि कान-नाक-घसा यांचे प्रत्येकी १५, म्हणजे आणखी ४५. आणि मुलं सुरुवात कशाने करतात? अ‍ॅनाटॉमीने, कारण ती पहिल्या वर्षाला होती! त्या जाडजूड पुस्तकात दोन महिने जातात, गुण १७. फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्रीचेही १७-१७च. हे तिन्ही सोडायचे नाहीत, पण वारंवार विचारलेले भागच करायचे, तेही नंतर.

पॅथॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी, फार्माकॉलॉजी प्रत्येकी १३ गुणांचे. ते वेगळे वाचत बसू नका, आजाराबरोबर वाचा. टीबीच घ्या. जंतू मायक्रोबायोलॉजीत, फुप्फुसातली गाठ पॅथॉलॉजीत, लघवी नारिंगी करणारी रिफॅम्पिसिन फार्माकॉलॉजीत, खोकला-ताप मेडिसीनमध्ये, सरकारी कार्यक्रम पीएसएममध्ये. एक आजार नीट वाचला की पाच विषयांचं काम होतं. न्यायवैद्यक १० गुणांचं. त्वचा, मानसोपचार, भूल, हाडं असे छोटे विषय पाच-पाच गुणांचे. ते शेवटच्या आठवड्यांत.

पीएसएमला मुलं कंटाळतात. मला तर तो आपल्या वस्तीचाच विषय वाटतो. आशाताईकडचं लसीकरण कार्ड मागून घ्या : जन्मताच बीसीजी, ६, १० आणि १४ आठवड्यांना पेंटा, गोवर-रुबेला ९ महिन्यांनी आणि पुन्हा १६ ते २४ महिन्यांत. गल्लीतल्या बाळांची नावं घेऊन पाठ केलं तर विसरत नाही. हगवणीत ओआरएस आणि झिंक, पाण्यात क्लोरीन, डेंग्यूचा डास, हे सगळं दाराबाहेरच आहे. फक्त आकडेमोड, म्हणजे सेन्सिटिव्हिटी-स्पेसिफिसिटीची गणितं, कागदावर करूनच येतात.

रोज वाचलेल्या भागावरचे प्रश्न त्याच दिवशी सोडवा. चुकलेल्यांची वेगळी वही ठेवा. शेवटच्या महिन्यात पुस्तकापेक्षा ती वही जास्त उपयोगी पडते.

आई-वडिलांनो, मुलगी अभ्यासाला बसली असेल तर पाणी भरायला भावाला पाठवा. "अजून किती वर्षं?" हा प्रश्न पाहुण्यांनाही विचारू देऊ नका. दहा बाय दहाच्या खोलीत टीव्ही आणि अभ्यास एकत्र चालत नाही. विहाराच्या कार्यकर्त्यांशी बोला. वंदना सोडून उरलेला वेळ हॉल बंदच असतो. पंखा आणि दोन टेबलं आहेतच, चावी तेवढी मुलांच्या हाती द्या.